आमचं शहाण्णव

माझी बायको जाऊन आता दुसरा उन्हाळा आला. कशानं गेली म्हणून कोणी विचारलं की वस्तीवरची माणसं सांगतात, कोरोनानं. ते खरं नाही. कोरोनातनं ती उठली होती. रिपोर्ट निगेटिव्ह आला होता. त्यानंतर ती पावणेदोन वर्षं जगली. ती फुफ्फुसानं गेली. आणि त्यात माझं एक बोट आहे. उजव्या हाताचं, अंगठ्याशेजारचं. ते कसं, ते सांगतो.

आमची वस्ती वडगाव रासाईच्या शिवारात, भीमेच्या अंगाला. नदीच्या अलीकडं शिरूर तालुका, पलीकडं दौंड. शेत होतं ते ती बघायची. मी चाळीस वर्षं पलीकडं यवतच्या बाजूला गुऱ्हाळांवर गुळव्या होतो. काहिलीत उसाचा रस उकळतो, त्याचा पाक होतो, तो नेमका कधी खाली उतरवायचा हे गुळव्यानं सांगायचं. थंड पाण्यात हात बुडवायचा, त्या हातानं थोडा पाक उचलायचा, पाण्यात त्याची गोळी करायची आणि काहिलीच्या काठावर मारायची. टण वाजली की उतरवा. नाही वाजली तर थांबा. मी चौथीत शाळा सोडली, पण माझा कान चांगला. पाकाच्या उकळण्यावरनं मी पाठ करून बसलो तरी सांगायचो.

काहिलीखाली चुलवाणात रस काढलेल्या उसाचं वाळलं चिपाड जळायचं. चिपाड कमी पडलं की हाती लागेल ते जळायचं. तो धूर चाळीस वर्षं मी खाल्ला. घरी येऊन खोकायला लागलो की ती म्हणायची, "झालं, पेटलं गुऱ्हाळ."

म्हणून जवा कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी तो आजार आमच्या वस्तीवर आला आणि आम्ही दोघंही पडलो, तवा सगळ्यांनी माझ्याकडंच बघितलं. मुलगा शिरूरला राहतो, रांजणगावला कंपनीत कामाला आहे. तो फोनवर आईला रोज तेच सांगायचा, "आबांकडं लक्ष ठेव. त्यांची छाती आधीच गेलेली हाय." दारातनं औषधं ठेवून गेला तवा बोटाला लावायचं ते चिमट्यासारखं मशीनही ठेवून गेला. बाहेरनंच ओरडून सांगितलं, "चौऱ्याण्णवच्या खाली गेलं की फोन कर. अँब्युलन्स येती."

तिला अक्षर येत नव्हतं, आकडे येत होते. त्यामुळं मशीन तिच्या ताब्यात. रोज सकाळी ती माझ्या खाटेवर यायची, माझं बोट धुवायची, पदरानं पुसायची आणि चिमटा लावायची. एवढ्या प्रेमानं तिनं माझा हात लग्नातही धरला नव्हता. मी तसं म्हणालोही. ती म्हणाली, "गप पडा. बोललं की आकडा हलतुया."

मग गावातल्या आशाताईचा फोन यायचा. आशा वर्कर, आमच्याच गावची सून, तिशीतली. तिच्याकडं वस्तीवरच्या सगळ्या आजाऱ्यांची वही होती. ती विचारायची, "मावशी, तुमच्या दोघांचं काय आज?"

आणि ही सांगायची, "आमचं शहाण्णव."

आता हे नीट ऐका. आमच्याकडं तिच्या वयाच्या बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत. बाहेरच्याला सांगायचं असलं की 'आमचं' म्हणतात. आमचं जेवलं. आमचं गुऱ्हाळावर गेलंय. आमचं लई तापट हाय. पन्नास वर्षं मी तिच्या तोंडात 'आमचं' होतो. त्यामुळं खाटेवर पडल्या पडल्या मला ते ऐकू आलं तरी माझ्या कानाला त्यात काही वावगं वाटलं नाही. आमचं म्हंजी मी. माझं शहाण्णव.

आशाताई नव्या जमान्यातली. ती नवऱ्याला नावानं हाक मारते. तिला वाटलं, आमचं म्हंजी आम्हा दोघांचं. तिनं दोन्ही ओळीत शहाण्णव लिहिलं. एकदा तर हसली आणि म्हणाली, "मावशी, तुम्ही शहाण्णव कुळी, आकडाबी शहाण्णवच व्हय?" ही म्हणाली, "व्हय बाई." दुसऱ्या दिवशी पंच्याण्णव. दोन्ही ओळीत पंच्याण्णव.

माझा ताप आठ-नऊ दिवसांत उतरला. तिचा उतरायचा आणि परत चढायचा. तीन आठवडे तसंच चाललं. तरी उठून चुलीवर पेज करायची, बसत बसत. मी म्हणालो, तू पड. ती म्हणाली, पडते की. पडली नाही.

मग रिपोर्ट निगेटिव्ह आला. शेजारची म्हातारी बांधावरनं ओरडली, "भावजी, निगेटिव्ह म्हंजी चांगलं ना वो? का वाईट?" मी म्हणालो, चांगलं. ती म्हणाली, "मेलं सगळं उलटंच हाय ह्या रोगाचं." निगेटिव्ह म्हणजे संपलं, असं आम्ही धरलं. मशीन डब्यात घालून फळीवर ठेवून दिलं.

पावसाळा गेला. ती पहिल्यासारखी नव्हती. विहिरीवरनं कळशी आणताना दोनदा टेकायची. आधी बांधावर, मग गोठ्याच्या दगडावर. मी विचारलं की म्हणायची, "दम लागतुया वाईच." गावातल्या डॉक्टरनं अशक्तपणा सांगितला. सलाईन दोन वेळा लावलं. आजारानंतर असं असतं, सहा महिने जातात, असं जो तो सांगायचा.

दिवाळीच्या आधी एकदा तिनं गवताचा भारा अर्ध्या वाटेत टाकला आणि खाली बसली. मी मागनं येत होतो. मी म्हणालो, "धूर मी खाल्ला चाळीस वर्षं, आन् दम तुला लागतुया? नाटकं करती का?" मी भारा उचलून पुढं गेलो. हे लिहायला नको असं मुलगा म्हणाला. पण मी तसं म्हणालो होतो.

पौषात एका दुपारी तिची पाठ भरून आली म्हणून मी बाम चोळत होतो. ती भिंतीकडं तोंड करून बसलेली. चोळता चोळता काही तरी ऐकू आलं. मी हात थांबवला. कान तिच्या पाठीला लावला, खालच्या बाजूला, बरगड्या संपतात तिथं. ती श्वास आत घ्यायची तवा आत बारीक चरचर व्हायची. वाळलेल्या चिपाडावर पाय पडल्यावर होतो ना, तसा आवाज. श्वास सोडला की बंद. घेतला की परत.

मी विचारलं, "हे कवापासनं?"

"काय?"

"हे आतलं."

"मला कुठं ऐकू येतंय माझ्या पाठीतलं," ती म्हणाली. "चोळा की. थांबलात का?"

दुसऱ्या दिवशी मुलाला बोलावलं. त्यानं मित्राची गाडी आणली. नदी ओलांडून दौंडला छातीच्या डॉक्टरकडं गेलो. डॉक्टर तरुण होता. त्यानं नळी पाठीला लावली, मी कान लावला होता बरोबर तिथंच. मग मशीनमध्ये घालून छातीचा फोटो काढला. फोटो काचेवर लावून तो बराच वेळ उभा राहिला. म्हणाला, फुफ्फुसाचा खालचा भाग कडक झालाय, आजारानंतर आत वण धरलेत. जळलेली कातडी बरी होते पण तिथं ताणली जात नाही, तसं. ते परत मऊ होणार नाही. आहे त्यापेक्षा वाढू नये एवढं बघायचं.

त्यानं विचारलं, "घरात धूर वगैरे?"

मी म्हणालो, "धूर मी खाल्ला डॉक्टर. गुऱ्हाळावर. हिनं न्हाई."

"स्वयंपाक कशावर?"

"चुलीवर."

"किती वर्षं?"

मी तिच्याकडं बघितलं. ती म्हणाली, "कळतंय तवापासनं."

डॉक्टरनं लिहून घेतलं. साठ वर्षं ती चुलीपुढं बसत होती, आधी माहेरी, मग आमच्याकडं, आणि आमच्या घरात त्याला कोणी धूर म्हटलं नव्हतं.

मग त्यानं विचारलं, आजारात ऑक्सिजन किती होता. मुलानं लगेच फोन काढला. आशाताईनं तवा रोज वहीच्या पानाचा फोटो त्याला पाठवला होता, तो त्यानं ठेवला होता. डॉक्टरनं बोटांनी फोटो मोठा केला.

"एवढा चांगला ऑक्सिजन होता आणि एवढे वण?" तो म्हणाला. मग म्हणाला, "ही खालची ओळ कुणाची?"

"आबांची," मुलगा म्हणाला.

"रोज दोघांचं सारखंच?"

मुलगा हसला. म्हणाला, "डॉक्टर, आमच्या आई-आबांचं सगळं सारखंच असतंय."

डॉक्टर हसला नाही. त्यानं फोन परत दिला. ती आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघत होती. मी तिच्याकडं बघत होतो. माझ्या डोक्यात तवा पहिल्यांदा ते 'आमचं' वाजलं.

गाडीत मुलगा होता म्हणून काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंगणात उन्हाला बाजेवर बसली होती, शेंगा फोडत. मी समोर दगडावर बसलो.

"ते मशीन तू कवा लावलंस बोटाला?"

"लावलं की."

"कवा?"

"एकदा."

"किती आलं?"

तिनं शेंग फोडली. दाणे टोपल्यात टाकले. म्हणाली, "अठ्ठ्याऐंशी."

तीच पुढं बोलली. "म्हणलं माझ्या बोटाला भेगा हायेत, म्हणून बराबर येत नसंल. मग दुसरं बोट लावलं. तेवढंच. मग तुमचं लावलं, तर शहाण्णव. मग म्हणलं, मशीन चांगलं हाय."

"आन् आशाला?"

"ती इचारायची, मी आमचं सांगायचे. पहिल्या दिवशी मला वाटलं, माझं निराळं इचारील. इचारलंच न्हाई. दुसऱ्या दिवशी कळलं, ती दोघांचं समजती. मग म्हणलं, असू दे."

"असू दे? येडी हायेस का तू?"

"ओरडू नका. मला ओरडता येत न्हाई आता." तिनं दम घेतला. "वरच्या वस्तीवरच्या दोघींना नेलं हुतं त्या गाडीतनं. आल्या का माघारी? मला नेलं आसतं तर तुमाला पाणी कुणी दिलं आसतं? तुमी तर चूल पेटवायला गेलात तर मिशी जाळून घेता."

"मी मेलो न्हवतो."

"मला काय म्हाईत, मरता का जगता," ती म्हणाली. "सगळी म्हणत हुती, आबांची छाती गेलीया."

मग परत शेंगा फोडायला लागली. मी तिथंच बसून राहिलो. तिच्यावर चिडायचं का काय करायचं, काही कळलं नाही. अजून कळलेलं नाही.

महिन्याभरानं मी एकटाच एसटीनं डॉक्टरकडं गेलो. त्याला सगळं सांगितलं, माझं बोट आणि तिचा आकडा. विचारलं, "तवाच कळलं आसतं तर?"

त्यानं पेन खाली ठेवला. मग म्हणाला, "आबा, खरं सांगतो. ऑक्सिजन लवकर मिळाला असता, औषध वेळेत सुरू झालं असतं. कदाचित वण कमी झाले असते. कदाचित हेच झालं असतं. कोणीच सांगू शकत नाही."

कदाचित. आमच्याकडं हा शब्द कोणी बोलत नाही. पाकाची गोळी वाजते किंवा वाजत नाही. मी एसटीत बसून वाटभर तोच शब्द धरून होतो.

आजारानंतर दुसऱ्या वर्षी घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. दिवसरात्र घुर्र आवाज. त्याची नळी तिच्या नाकात. ती म्हणाली, "बापानं नथ घातली, तुमी वेसण घातली." मशीनजवळ जाळ चालत नाही म्हणून मुलानं चूल मोडली आणि गॅस आणला, तोही पलीकडच्या पडवीत ठेवला. ती उंबऱ्यात बसायची, नळीचं वेटोळं मांडीवर घेऊन, आणि तिथनं मला भाकरी शिकवायची. पाणी घाला. घाला म्हणलं तर ओतू नका. थापा. असं नव्हं, गूळ न्हाई तो. माझ्या पहिल्या भाकरीकडं बघून म्हणाली, "हिनं काहील घासता येईल." हसली. हसल्यावर खोकला आला.

लाइट गेली की बॅटरीवर मशीन चालायचं, आवाज बदलायचा. माझा कान तिकडंच असायचा. पूर्वी काहिलीकडं असायचा तसा. भांडी घासताना, गाईला पाणी दाखवताना, सगळीकडं तो घुर्र आवाज ऐकत राहायचो. आणि त्याच्या खाली तिचा श्वास. चरचर आता पाठीला कान न लावता ऐकू यायची.

ती गेली सकाळी, नऊच्या सुमाराला. मी चहा केला होता. बशीत ओतून तिच्यापुढं धरला. ती उशीला टेकून बसली होती. म्हणाली, "जरा दम धरा. मग पिते."

मी बशी धरून बसलो. आमच्याकडं थांब म्हणायचं असलं की दम धर म्हणतात. मी थांबलो. चहावर साय धरली. मग मी बघितलं.

मशीन बंद करायचं मला सुचलं नाही. मुलगा शिरूरवरनं येईपर्यंत ते तसंच चालू होतं, नळी तिच्या नाकात. त्यानं आल्यावर बटण दाबलं. घर एकदम गप्प झालं तवा शेजारची म्हातारी रडायला लागली. मी रडलो नाही. दहाव्याला नाही, तेराव्याला नाही. लोकांना वाटलं, म्हातारा दगड आहे. असेल.

तेराव्याला आशाताई आली होती. ती माझ्या बायकोवर माया करायची. डोळे पुसत म्हणाली, "आबा, माझ्या वहीत तर मावशीचं कायम शहाण्णव हुतं. मग असं कसं झालं?" मांडवात माणसं होती. मी तिच्याकडं नुसतं बघितलं. तिची काही चूक नव्हती. चूक माझ्या बायकोची होती, का माझी, का त्या एका शब्दाची, हे मला ठरवता येत नव्हतं. आणि सांगितलं तर ही पोर ते जन्मभर घेऊन बसेल, असं वाटलं. म्हणून गप्प राहिलो. मी गप्प राहणारा माणूस नाही. मुलाला तर मी ती गेल्यावर महिन्याच्या आत सगळं सांगून टाकलं. पण आशाताईला सांगितलं नाही. वर्ष गेलं.

गेल्या महिन्यात आशाताई परत आली. साठीच्या वरच्या लोकांची तपासणी चालू आहे. नवी वही, नवा चिमटा. मी ओट्यावर बसलो होतो. तिनं माझं बोट घेतलं. तेच बोट. न धुता, न पुसता चिमटा लावला. मी आकडा बघितला नाही, तिच्या तोंडाकडं बघत होतो.

"आबा, शहाण्णव," ती म्हणाली. "चाळीस वर्षं धूर खाऊन शहाण्णव. तुमी शंभरी गाठताय."

मी म्हणालो, "तवाबी ते माझंच हुतं."

"काय?"

"तुझ्या वहीतलं. तिच्या नावापुढचं. मावशी 'आमचं' म्हणायची ना? आमचं म्हंजी मी. तू दोघांचं लिहिलंस. तिचं अठ्ठ्याऐंशी हुतं."

तिचा पेन वहीवर तसाच राहिला. गाय शेजारी शेपूट मारत होती. मग ती म्हणाली, "मावशीनं सांगितलं का न्हाई मला?"

"तिला कळलं हुतं. तिनं चालू दिलं. मला सोडून जायचं न्हवतं तिला." मी म्हणालो, "तुला रडवायला सांगत न्हाई. वहीत पुढं अजून लई म्हाताऱ्या हायेत तुझ्या. 'आमचं' म्हणली की थांब. इचार, कुणाचं. नाव घ्यायला लाव. आन् चिमटा तिच्या स्वतःच्या बोटाला लाव, तुझ्या हातानं."

ती उठली. पदर नीट केला. बांधावरनं शेजारी गेली.

तिथलं सगळं मला इथं ऐकू येतं. शेजारच्या म्हातारीचा नवरा आतल्या खोलीत पडून असतो. आशाताई विचारत होती, "काकी, घरात कोण आजारी?"

"आमचं हाय की. खोकतंय चार दिस झालं."

"आमचं म्हंजी कोण?"

"आता काय सांगू बाई. आमचं. हे."

"नाव घ्या, काकी. मला नाव पायजे."

"इश्श," ती म्हातारी म्हणाली. सत्तरी ओलांडलेली बाई. "आता ह्या वयात नाव घ्यायला लावती व्हय मला? लोकं काय म्हणतील?"

"लोकं न्हाईत हितं. घ्या."

आतनं तिचा नवरा खोकत ओरडला, "घे की गं एकदाचं! मेल्यावर घेतीस का?"

मग ती दोघंही हसायला लागली. आशाताई हसली नाही. ती थांबून राहिली. म्हातारीनं अगदी हळू आवाजात, तोंडावर पदर घेऊन, नवऱ्याचं नाव घेतलं. मी इकडं ओट्यावरनं ते ऐकलं.

"आता तुमचं बोट द्या," आशाताई म्हणाली. "तुमचं. त्यांचं मागनं बघते."

मी आकडा ऐकायला थांबलो. सत्त्याण्णव आला. मग मी उठलो आणि गाईला पाणी दाखवलं.